बदललेली दोरी

कारखान्यात त्याला सगळे वायसर म्हणायचे. एक तर अंगाने चपटा आणि हलका. दुसरं म्हणजे दोघांचं कुठे वाजलं की हा मध्ये जाऊन बसायचा आणि दोघांना एकमेकांना घासू द्यायचा नाही. नाव असं चिकटलं की राहत्या बिल्डिंगमध्येही तेच झालं. शेजारीपाजारी वायसरकाका म्हणत, आणि बायको रागावली की तीसुद्धा "अहो वायसर" अशी हाक मारायची.

कारखाना गॅस्केटचा होता. पंप, इंजिनं, पाइपांचे सांधे यांच्यामध्ये बसणाऱ्या रबराच्या चकत्या तिथे निघायच्या. मोठी रबर शीट टेबलावर पसरायची, वर साचा ठेवायचा, कडेने कटर फिरवायचा, आणि भोकं पाडायला पंच टेकवून लाकडी हातोड्याचा एक ठोका द्यायचा. एकच. दुसरा ठोका मारावा लागला तर भोकाची कड फाटते, असं तो नव्या पोरांना सांगायचा. सगळी नोकरी त्याने त्या टेबलापाशी उभ्याने काढली, पायात पुढे लोखंडी वाटी असलेले जड बूट घालून. रिटायर होऊन घरी बसला तेव्हा त्याच्या पायाची बोटं एकमेकांवर चढलेली होती आणि करंगळी शेजारणीच्या पोटाखाली लपली होती.

मुलगी लांबच्या शहरात असायची. सुट्टीला आली तेव्हा तिने त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. माणसं दगडधोंड्यांतून धावत होती आणि त्यांच्या पायात होता फक्त रबराचा एक पातळ तुकडा, दोरीने बांधलेला.

"बाबा, हे तर तुम्ही झोपेतसुद्धा कापाल," ती म्हणाली.

ती सहज बोलून गेली आणि सुट्टी संपल्यावर परत गेली. पण याच्या डोक्यात ते बसलं. कारखान्यातून उरलेल्या शीटचा एक गुंडाळा त्याने आणला. जमिनीवर पुठ्ठा टाकून त्यावर उभा राहिला आणि बायकोला पेन्सिल घेऊन खाली बसवलं.

"पेन्सिल सरळ धर. तिरकी धरलीस तर पाऊल बारीक निघेल."

"तुमचं पाऊल आहेच बारीक. हलू नका, गुदगुल्या झाल्या तरी हलू नका."

"गुदगुल्या तू करतेयस."

"मग काय पेन्सिल करतेय?"

पहिली जोडी फसली. दोरी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचकीतून खाली जायची, आणि तळाखाली तिची गाठ मारलेली. ती गाठ चालताना खड्यासारखी लागायची. मग त्याने दोरीचं टोक पेटत्या काडीने वितळवून चपटं केलं, आणि रबराला खालून वाटीसारखी खोलगट जागा कोरून ते तिच्यात बसवलं. पुढे एक भोक, घोट्यांच्या अलीकडे दोन बाजूंना दोन. बेचकीतून वर आलेली दोरी बाहेरच्या भोकात ओवायची, टाचेच्या मागून फिरवायची, आतल्या भोकातून काढायची, आणि घोट्याभोवती एक वेढा घेऊन बाजूला अडकवायची. सैल राहिली तर टाच निसटते, घट्ट झाली तर बेचकी कापते. हे सगळं जमेपर्यंत घरभर रबराचा भुगा झाला. बायको झाडू घेऊन मागे आणि हा कटर घेऊन पुढे.

पण जमलं तेव्हा काय जमलं! घालून तो रस्त्यावर उतरला आणि त्याला फरशीची फट, डांबराचा खरखरीतपणा, गटाराच्या झाकणावरची नक्षी, सगळं पायाला कळायला लागलं. आयुष्यभर लोखंडात कोंडलेली बोटं हळूहळू सुटी झाली. काही महिन्यांत करंगळी बाहेर आली. तो येणाऱ्याजाणाऱ्याला पाय दाखवायचा. लोक पाहुण्यांना नातवंडाचे फोटो दाखवतात, हा करंगळी दाखवायचा.

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांचा एक गट होता. त्यात एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. बँकवाल्यांची टाच दुखायची. वायसरने त्यांना एक जोडी करून दिली आणि त्यांची टाच दुखायची थांबली. कशाने थांबली कोण जाणे, पण नाव वायसरचं झालं. मग दुसऱ्याने मागितली, तिसरीने मागितली. दोरीच्या चपलांचा तो बागेतला डॉक्टरच झाला. बाकावर उभा राहून सांगायचा, "जाड सोल म्हणजे पायाला बांधलेली उशी. उशीवर कुणी चालतं का? जमीन पायाला कळली पाहिजे." कारखान्यात त्याचं बोलणं यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. इथे लोक कान देऊन ऐकत होते. हे त्याला नवीन होतं, आणि ते त्याला फार आवडलं.

घरात बायकोला बऱ्याच वर्षांची शुगर होती. तिच्या पायांना मुंग्या यायच्या, नंतर मुंग्याही यायच्या बंद झाल्या. तिला ते बरं वाटण्याचं लक्षण वाटलं. तिच्या धाकट्या बहिणीला तसं वाटलं नाही. ही मेव्हणी म्हणजे प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी बाई, असं वायसरचं मत. तिने कुठून तरी मऊ, जाड सोलचे, पुढून बंद असलेले बूट बहिणीसाठी आणले होते आणि बजावलं होतं, "ताई, घरातसुद्धा हे घालूनच फिरायचं."

"तुझ्या बहिणीला बुटाचं दुकान काढून द्यायला हवं," वायसर म्हणाला होता.

बायको ते बूट मुकाट्याने घालायची. बागेत मात्र ते बूट वायसरला खुपायला लागले. गावभर सांगत फिरणाऱ्या माणसाची स्वतःची बायको उशा बांधून चालते! कुणी काही म्हणत नव्हतं, पण त्यालाच वाटायचं की म्हणत असतील. एके दिवशी त्याने तिलाही पुठ्ठ्यावर उभं केलं.

"मला नको हो. मला त्या बुटांची सवय झालीय."

"सवय मलाही होती लोखंडाची. बघ आता करंगळी."

"पाहिली तुमची करंगळी. शंभरदा पाहिली."

मेव्हणी त्या दिवशी घरीच होती. ती म्हणाली, "भावजी, तिच्या पायाला लागलेलं कळत नाही. तुमची गोष्ट वेगळी, तिची वेगळी."

"म्हणूनच तर," वायसर म्हणाला. "पाय झोपलेत तिचे. जमिनीवर आणल्याशिवाय जागे कसे होणार?"

हे वाक्य त्याला तिथल्या तिथे सुचलं होतं. त्याला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी बागेतही त्याने ते सांगितलं.

बायकोची जोडी त्याने मन लावून केली. रबर सगळ्यात मऊ निवडलं, कडा घासून गोल केल्या. ती म्हणाली, दोरीऐवजी कापडाची रुंद पट्टी लावा, तर त्याने नकारार्थी मान हलवली. पट्टीने चप्पल बोजड दिसते. तिला फार वेळ वाकता येत नव्हतं, त्यामुळे रोज सकाळी तोच तिच्यापुढे बसून दोरी ओवायचा. तिचं पाऊल मांडीवर घ्यायचा, वेढा घालायचा, दोरीखाली बोट घालून ताण बघायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासाठी रोज नेमाने केलेलं हे पहिलंच काम. तीही खिडकीबाहेर बघत बसायची आणि मधूनच म्हणायची, "झालं का हो? की इंजिन जोडताय?" तिला ते आवडत होतं. हे त्याला दिसत होतं आणि त्यावरून त्याने समजून घेतलं की तिला चपला आवडल्या.

बागेत तो तिला पुढे घालून चालायचा. "बघा. इतक्या वर्षांची शुगर, आणि कशी चालतेय." ती ओशाळून हसायची. जुने बूट घरात पडून होते. त्यातला एक त्याने कटरने मधोमध उभा चिरला आणि बागेत नेला. आत किती थर आहेत, किती स्पंज आहे, हे लोकांना दाखवायला. लोकांना ते फार पटलं.

मग ठरलं की एका रविवारी बागेत सगळ्यांना चपला बांधायला शिकवायचं. बँकवाल्यांनी ओळखीच्यांना सांगितलं होतं, आजूबाजूच्या बिल्डिंगमधूनही लोक येणार होते. आदल्या दिवशी दुपारी वायसर गॅलरीत बसून सगळं सामान नीट करत होता. नमुना म्हणून बायकोची जोडीच दाखवायची होती, कारण तीच सगळ्यात सुबक झाली होती.

उजवी चप्पल हातात घेतली तर बेचकीजवळची दोरी काळपट आणि ताठ झालेली. त्याला आधी चिखल वाटला. त्याने नखाने खरवडलं. आत ती ओलसर होती. बोटाच्या टोकाला तांबूस डाग लागला. त्याने चप्पल नाकापाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

त्याने बोट कागदाला पुसलं. बायको स्वयंपाकघरात भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ती आली असती. "पाय दाखव" म्हटलं असतं तर तिने दाखवला असता. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उद्या रविवार होता. तेल असेल, तो स्वतःला म्हणाला. गंज असेल. रबरात गंज नसतो आणि नायलॉनच्या दोरीतही नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्याने स्वतःचं म्हणणं ऐकून घेतलं. त्याने ती दोरी कापून काढली, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, गुंडाळ्यातून नवी पांढरी दोरी तोडली, टोक वितळवलं आणि ओवली. मग साबणाने हात धुतले.

संध्याकाळी बायको घरात मोजे घालून बसली होती. ते त्याला दिसलं.

"थंडी वाजतेय?" त्याने विचारलं.

"जराशी," ती म्हणाली.

थंडीचे दिवस नव्हते.

रविवारी बाग भरली. त्याने बाकावर उभं राहून सगळं सांगितलं, ओवून दाखवलं, दोन वेळा हशा मिळवला. मग बायकोला चालायला लावलं. ती मोजे काढून, नव्या पांढऱ्या दोरीच्या चपला घालून सगळ्यांसमोर कारंज्याला फेरी मारून आली. एका बाईने विचारलं, "काकू, बोटांमध्ये टोचत नाही का हो?"

"मला काहीच जाणवत नाही," बायको म्हणाली.

लोक खुश झाले. कुणीतरी टाळी वाजवली. वायसरही हसला आणि मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत? काहीच जाणवत नाही."

आठवडा व्हायच्या आत तिला सडकून ताप भरला. पाय सुजून लाल झाला. बिल्डिंगच्या जिन्यावरून तिला खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. हॉस्पिटलमध्ये पाय तपासणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, कामाच्या घाईत असलेल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी बायकोच्या बोटांची बेचकी उघडून बघितली आणि नर्सला काहीतरी सांगितलं. वायसरने तोपर्यंत ती जखम पाहिली नव्हती. आता बघितली आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"ही आजची जखम नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काहीतरी रोज घासत होतं इथे. पायात काय घालता तुम्ही?"

बायकोने तोंड उघडायच्या आत वायसर बोलला, "साध्याच. घरातल्या चपला."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"तुम्हाला शुगर आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? पाय रोज बघायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं? इतकं होईपर्यंत झाकून ठेवलंत? स्वतःच्या शरीराबद्दल इतका निष्काळजीपणा?"

"चुकलं माझं," बायको म्हणाली.

वायसर शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या पायात त्याच्या दोरीच्या चपला होत्या. त्याने दोन्ही पाय हळूच स्टुलाखाली ओढून घेतले. डॉक्टर बोलत राहिल्या, बायको ऐकत राहिली, आणि तो पाय लपवून बसून राहिला. पुढे कितीतरी दिवस त्याला बाकी काही नाही, हेच आठवायचं. जखमेपेक्षाही जास्त. आपण पाय आत ओढून घेतले.

अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, पाय वाचला हे नशीब समजा.

मेव्हणी धावत आली. ती येणार म्हणून वायसरने मनात उत्तरांची तयारी करून ठेवली होती. ती काहीच बोलली नाही. बहिणीच्या उशाशी बसली, तिचे केस विंचरले, आणि घरी येऊन बहिणीच्या वस्तूंची पिशवी भरायला लागली. हॉस्पिटलमधून सोडतील तेव्हा दुसऱ्या पायात घालायला ते मऊ बूट हवेत म्हणून शोधू लागली. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. वायसर दारात उभा राहून बघत होता. बूट कुठे आहेत हे त्याला माहीत होतं, तरी त्याने तिला शोधू दिलं. शेवटी गॅलरीतल्या हत्यारांच्या डब्यात तिला ते सापडले, एक अख्खा आणि एक मधोमध चिरलेला.

तिने चिरलेला बूट दोन्ही हातांत उघडून धरला. स्पंजाचे थर दिसत होते.

"हे काय आहे, भावजी?"

"लोकांना दाखवायला," तो म्हणाला.

तिने तो बूट परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि हात झटकले. अख्खा बूट पिशवीत टाकला. "हा डावा आहे ना? डावाच लागणार आहे," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने चार परत केल्या असत्या आणि जरा तरी हलकं वाटलं असतं. तिने ती सोय ठेवली नाही.

बायको घरी आली. मेव्हणी सकाळ-संध्याकाळ यायची, ड्रेसिंगचं बघायची. वायसर चहा करायचा, भांडी घासायचा, बाजारातून सामान आणायचा. दुकानातून आणलेल्या बंद चपला घालून तो मागच्या रस्त्याने जायचा, म्हणजे बाग लागत नाही. नवरा-बायकोचं बोलणं चालू होतं, पण औषधाची वेळ, पाणी तापलं का, खिडकी लावू का, एवढंच. त्या रविवाराबद्दल ती बोलली नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

एका सकाळी बँकवाले घरी आले. हातात पुठ्ठा होता, त्यावर कुणाच्या तरी छोट्याशा पावलाची आकृती. बायको आतल्या खोलीत पडली होती, दार अर्धवट उघडं होतं.

"काय वायसर, बागेत दिसत नाही? काकू आजारी होत्या म्हणे. आता बऱ्या आहेत ना?"

"आहे बरी."

"हे बघा, माझ्या सासूबाईंचं पाऊल आणलंय. त्यांनाही शुगर आहे. पाय अगदी बधिर. त्यांना काकूंचं सांगितलं, काकू कशा म्हणाल्या, काहीच जाणवत नाही. म्हातारी हट्टालाच पेटलीय, मला तसल्याच हव्यात म्हणून."

वायसरने आतल्या दाराकडे पाहिलं.

"रबर संपलंय," तो म्हणाला.

"एवढंच ना? रबर मी आणतो. नाहीतर असं करा, तुम्ही फक्त भोकं कुठे ते खुणा करून द्या. करणारा आहे एक आमच्या ओळखीचा. तुम्हाला त्रास नको."

वायसरने पुठ्ठा हातात घेतला. आत जाऊन दार लावून घ्यावं, बँकवाल्यांना काहीतरी थाप मारावी, हा पुठ्ठा हरवला म्हणून सांगावं, असं सगळं एका दमात त्याच्या मनात येऊन गेलं. खुणा करून द्याव्यात असंसुद्धा आलं. मग आतल्या खोलीतून पलंग करकरला, बायको कुशीवर वळली असावी.

"नाही करायच्या," तो म्हणाला. "सासूबाईंना नाही करायच्या."

"का हो?"

"हिचं बोट काढलंय. त्या दोरीने कापलं बेचकीत. हिला कळलं नाही, आणि..." तो थांबला. इथे थांबता आलं असतं. बँकवाल्यांचा चेहरा उतरला होता, ते हळहळायच्या तयारीत होते. "आणि मला कळलं होतं. दोरीला रक्त होतं. मी बघितलं. बघून दोरी बदलली आणि दुसऱ्या दिवशी तिला तुमच्यासमोर चालवलं."

"अहो, तुम्हाला काय कल्पना..." असं बँकवाल्यांनी सुरू केलं.

"कल्पना होती," वायसर म्हणाला. "तेच सांगतोय."

बँकवाल्यांनी मान खाली घातली. त्यांच्या पायात वायसरनेच केलेल्या चपला होत्या. पुठ्ठा काखेत मारून ते जिना उतरून गेले. जाताना "येतो" म्हणाले, पण वायसरकडे बघून नाही.

तो आत गेला. बायको उठून उशीला टेकून बसली होती.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"भिंती केवढ्याशा आहेत आपल्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"दोरी बदलताना पाहिलं होतं मी तुम्हाला. वाळत घातलेलं फडकं घ्यायला बाहेर आले होते. तुम्ही वास घेतलात तेसुद्धा पाहिलं."

वायसर पलंगाच्या कडेला बसला.

"मग बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते. म्हटलं, आता विचारतील. जेवताना विचारतील. झोपताना विचारतील. मोजे मुद्दाम घातले होते मी. तुम्ही विचारलंत थंडी वाजतेय का." ती हसली नाही. "सकाळी माझ्यापुढे बसून दोरी ओवलीत, तेव्हा तर पाय तुमच्या मांडीवर होता. बेचकीत मी कापूस दाबून बसवला होता. तुमचं बोट त्याला लागलं. तुम्ही वर बघितलं नाहीत."

हे खरं होतं. बोटाला काहीतरी मऊ लागलं होतं. त्याने दोरी त्याच्यावरूनच ओढून घेतली होती.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बघू तरी किती वेळ विचारत नाहीत. पण हॉस्पिटलमध्ये त्या बाई मला बोलत होत्या तेव्हा तुम्ही गप्प बसायला नको होतं. बोट गेलं त्याचं मला तितकं नाही. ते फार लागलं."

त्याला म्हणायचं होतं की मला माफ कर. पण आपल्या तोंडून ते एखाद्या साध्या चुकीसाठी म्हटल्यासारखं येईल असं त्याला वाटलं. तिने पाणी मागितलं. त्याने आणून दिलं.

पुढच्या तपासणीला तो तिच्याबरोबर गेला. डॉक्टर टाके बघत होत्या. बाहेर रांग होती, आत एक नर्स आणि एक शिकाऊ मुलगी उभी होती. वायसर म्हणाला, "डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोललो. साध्या चपला नव्हत्या. मी केलेल्या होत्या, दोरीच्या. ही नको म्हणत होती, मीच घालायला लावल्या. जखम होतेय हेही मला दिसलं होतं."

डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे तेव्हा सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोरीचा तंतू आत राहिलाय का हे आम्ही आधीच शोधलं असतं. नंतर सापडला तो. दोन दिवस वाया गेले."

"बोट वाचलं असतं?"

"ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." त्या परत टाक्यांकडे वळल्या. मग बायकोला म्हणाल्या, "मी तुम्हाला त्या दिवशी बरंच बोलले."

"बोललात," बायको म्हणाली. "पण बरोबरच होतं. फक्त अर्धं दुसऱ्याचं होतं."

शिकाऊ मुलीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. वायसरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला वाटलं होतं की सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. खोलीतल्या आणखी तीन माणसांना आता माहीत झालं होतं, एवढाच फरक पडला.

बागेत बातमी बँकवाल्यांनीच पोचवली असावी. काहींनी चपला घालणं बंद केलं, काहींनी चालू ठेवलं, कारण त्यांचे पाय धड होते आणि त्यांना त्या खरंच मानवल्या होत्या. रस्त्यात भेटले की लोक प्रेमाने बोलायचे, काकू कशा आहेत विचारायचे. कारंज्यापाशी जिने प्रश्न विचारला होता ती बाई मात्र एकदा समोरून आली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. वायसरला तिचंच वागणं रास्त वाटलं. बँकवाल्यांच्या सासूबाईंनी जावयाशी अबोला धरल्याचं कळलं. म्हातारीला अजून त्या चपला हव्याच होत्या.

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर पायांच्या मापाचे बूट करून देणारा विभाग होता. तिथे बायकोचा साचा घेतला गेला. बोटाच्या रिकाम्या जागी मऊ भराव घातलेले बूट आले. वायसर ते हातात घेऊन उलटेसुलटे बघत होता, शिवण कुठे आहे, आतून काही टोचतंय का. "ठेवा खाली," मेव्हणी म्हणाली, "त्यांनी बघूनच दिलेत." आता ती त्याच्याशी एवढं बोलायची. त्याने बूट खाली ठेवले.

रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी, उजेड असतो तोवर, तो बायकोचे पाय तपासायचा. हे काम त्याला डॉक्टरांनी नेमून दिलं होतं. "तुम्हीच बघायचं आता," त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यात शिक्षा होती की विश्वास, हे त्याला कळलं नव्हतं. खिडकीपाशी खुर्ची ओढायची, एक पाय, मग दुसरा. तळवा, टाच, कडा, प्रत्येक बेचकी बोटांनी उघडून. जिथे बोट नव्हतं तिथली गुलाबी, गुळगुळीत जागा. त्या जागेवरून नजर फिरवताना त्याला वर बायकोकडे बघवायचं नाही.

"काय दिसतंय?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

तो खुर्ची आणखी खिडकीकडे सरकवून पुन्हा वाकला. टाचेच्या कडेला, तिच्या त्वचेच्या रंगातच मिसळून गेलेली, केसाएवढी एक भेग होती. पहिल्यांदा त्याला ती दिसली नव्हती.

"टाचेला जरा चिरलंय," तो म्हणाला. "बारीक आहे. पण आहे."

"हं," ती म्हणाली. "मलम कपाटात आहे."